वेळास ते ‘वेला’ : मालदीवच्या एका बेटावर दीड वर्ष शिकवून आले, त्याची हकीकत

२८ जूनला मी परत आले आणि तेव्हापासून ओळखीच्या आठ-दहा शिक्षकांनी तरी विचारलं असेल की मालदीवला कसं जायचं, कागद काय लागतात, खर्च किती, एकटीला राहायला भीती नाही का वाटली. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबलचक होणार आहे. पण मी निघायच्या आधी मला कुणी असं सविस्तर सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती.

मी दापोली तालुक्यातली. एमएस्सी झूऑलॉजी, बीएड, आणि नऊ वर्षं ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर बायॉलॉजी. तासिका म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. दर मार्चमध्ये मी मुलांना घेऊन वेळासला कासव महोत्सवाला जायचे. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, तिथं पूर्वी लोक ऑलिव्ह रिडलेची अंडी काढून खायचे, विकायचे. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं काम सुरू केलं आणि आता त्याच गावातले लोक कासवमित्र म्हणून रात्री किनाऱ्यावर गस्त घालतात, घरटं सापडलं की अंडी हॅचरीत हलवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. हे मी मुलांना इतक्या वेळा दाखवलंय की ऑलिव्ह रिडले म्हणजे आमच्याच गावचं कासव असं मनात बसलं होतं. हे आधीच सांगतेय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

जुलै २०२३मध्ये एका मैत्रिणीनं जाहिरात पाठवली, मालदीवला बायॉलॉजी आणि सायन्सचे शिक्षक हवेत. अर्ज केला आणि विसरून गेले. २३ ऑगस्टला ऑनलाइन इंटरव्ह्यू, वीस मिनिटांचा. एक छोटा डेमो घ्यायला लावला, मी ऑस्मोसिस घेतला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर लेटर आलं. एक वर्षाचा करार, राहायची सोय शाळेची, जायचं-यायचं तिकीट त्यांचं.

आणि मग कागद सुरू झाले.

पहिली अडचण नावाची. माझी सगळी सर्टिफिकेटं माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. ज्यांचं असं आहे त्यांनी अर्ज करायच्याही आधी हे काम उरका. मला लग्नाचं प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र एवढं जोडावं लागलं, त्यात सव्वा महिना गेला. त्यानंतर पदवीचं अटेस्टेशन : आधी विद्यापीठातून पडताळणी, मग मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. शेवटच्या शिक्क्यासाठी आपल्याला थेट जाता येत नाही, मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीमार्फतच कागद द्यावे लागतात. सरकारी फी किरकोळ आहे. पैसे जातात ते फेऱ्यांत. मी दापोली-मुंबई तीन चकरा मारल्या, रात्रीच्या एसटीनं जायचं, दुपारी रांगेत उभं राहायचं, रात्री परत. एकदा तर "हे नाही, मूळ गुणपत्रिका आणा" असं ऐकून तशीच माघारी आले. तेव्हा परळ डेपोत बसून रडू आलं होतं, खरं सांगते. एक टिप : अनुभवाच्या दाखल्यावर कॉलेजकडून तारखा, विषय आणि इयत्ता तिन्ही लिहून घ्या, माझ्या पहिल्या दाखल्यावर नुसतं "बायॉलॉजीच्या शिक्षिका म्हणून काम केले" एवढंच होतं, तो परत आला.

पोलीस क्लिअरन्स मात्र सोपं गेलं. ऑनलाइन अर्ज, ५०० रुपये, अपॉइंटमेंट, मग पोलीस स्टेशनमधून फोन, बारा दिवसांत हातात. सगळं धरून, म्हणजे मेडिकल, फोटो, झेरॉक्स, प्रवास, एजन्सी, माझे साडेसोळा हजारांच्या आसपास गेले आणि ऑफर लेटरपासून विमानात बसेपर्यंत चार महिने. व्हिसाची पुढची कामं शाळेनंच केली, पोचल्यावर तिथं पुन्हा मेडिकल झालं आणि वर्क परमिट मिळालं.

१७ जानेवारी २०२४चं तिकीट होतं. आठवत असेल तर त्याच महिन्यात, दहा दिवस आधी लक्षद्वीपवरून वाद पेटला होता, सगळीकडे बॉयकॉट मालदीव चालू होतं. घरी रोज फोन. मोठा दादा म्हणाला, "जाऊ नकोस, तिथं आपल्या लोकांना कुणी विचारणार नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं लेकीच्या वेण्या घालत बसल्या. लेक तेव्हा बारा वर्षांची. तिला सोडून जाणं हा या सगळ्यातला सगळ्यात जड भाग होता आणि त्याला कुठलाच कागद नाही. नवरा म्हणाला, "नऊ वर्षं वाट बघितलीस, जाऊन ये." त्यावर निघाले. (तिथं पोचल्यावर त्या वादावरून मला एकानंही वाकडा शब्द ऐकवला नाही. उलट दुकानदार हिंदीत बोलायचा, सिनेमे बघून बघून तिथं बऱ्याच जणांना हिंदी कळतं.)

सामानाबद्दल दोन गोष्टी. देवाच्या मूर्ती नेता येत नाहीत, कस्टम्समध्ये अडवतात, तसा त्यांचा कायदाच आहे. आईनं दिलेली छोटी अन्नपूर्णा मी घरीच ठेवली. वाईट वाटलं, पण नियम माहीत असताना लपवून नेऊ नका. दुसरं म्हणजे मुंबई-माले विमानात चालतं तेवढं वजन पुढच्या देशांतर्गत विमानात चालत नाही, माझं सात किलो जास्त भरलं आणि लोणच्याच्या बरण्यांपेक्षा त्याचंच भाडं जास्त पडलं. आणि प्रवासाच्या आधी ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो फुकट असतो. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

मुंबईहून माले तीनेक तास. तिथून छोट्या विमानानं उत्तरेला ‘हा धालु’ नावाच्या अटॉलमध्ये, म्हणजे बेटांच्या समूहात, मग बोट. आमच्या बेटाचं नाव लिहीत नाही, बेट इतकं लहान की नाव लिहिलं तर शाळा आणि मुलं दोन्ही ओळखू येतील. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला पंचवीस मिनिटं. आणि सपाट! मी कोकणातली, घाट उतरल्याशिवाय आम्हाला समुद्र दिसत नाही, इथं कुठंच चढ नाही. अख्ख्या देशाची सरासरी उंची दीड मीटर. पहिल्या रात्री पावसाचा आवाज येत होता आणि मी नुसती हिशेब करत पडले होते की भरतीला पाणी कुठवर येत असेल.

शाळेत सहावी ते दहावी. वर्गात अठरा-वीस मुलं. आमच्याकडे पंचावन्न असायची, त्यामुळे पहिले काही दिवस वर्ग रिकामाच वाटायचा. पांढरेशुभ्र युनिफॉर्म, शिकवणं इंग्रजीतून, सुट्टी शुक्रवार-शनिवारी, पालकांचे सगळे ग्रुप व्हायबरवर. मुलं "मिस" म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सातवीला जलचक्र होतं. मी आपलं नेहमीसारखं डोंगरावर पाऊस, ओढा, नदी, खाडी, समुद्र असं फळ्यावर काढत गेले आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मिस, नदी रात्री पण वाहते?" त्या मुलीनं नदी बघितली नव्हती. वर्गात कुणीच नव्हती बघितली. देशातच नाही. मग त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फोनवरचे जगबुडी नदीचे, पावसाळ्यातल्या घाटातले व्हिडिओ दाखवले, वर्ग एकदम शांत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचं पाणी दाखवलं. बेटाखाली वाळूत पावसाचं गोडं पाणी साचतं, खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, पूर्वी विहिरीतून तेच काढायचे. २००४च्या त्सुनामीत बऱ्याच बेटांवर त्यात समुद्र शिरला. आता पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात आणि समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट आहेत. म्हणजे जलचक्र मी शिकवत होते ते आमच्या गावचं होतं, त्यांचं नव्हतं. तिथून पुढे मी प्रत्येक धड्याला आधी मुलांना विचारायला लागले की तुमच्याकडे हे कसं असतं. नवीन देशात शिकवायला जाणाऱ्याला माझा हा एकच सल्ला आहे, पहिला महिना विचारण्यात घालवा.

भाषेची गंमत तर सांगायलाच हवी. तिथली भाषा दिवेही, तिची लिपी उजवीकडून डावीकडे, काही कळत नाही, पण कान देऊन ऐकलं तर आपलेच नातेवाईक बोलल्यासारखे वाटतात. आकडे म्हणजे एके, दे, तिने, हतरे. मासा म्हणजे मस, मीठ म्हणजे लोनु. आणि तिथले मच्छीमार वाऱ्यापावसाचा अंदाज ‘नकई’वर घेतात, नकई म्हणजे नक्षत्र, अस्सिदा, केती, रोनु, मियाहेली, अदा. अश्विनी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा! जूनच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये एक म्हाताऱ्या शिक्षिका म्हणाल्या की आता मियाहेली लागलं, आणि आमच्याकडे सासरे म्हणायचे "मृग लागला, पेरून घ्या", मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. आणि कासवाला काय म्हणतात? वेला. मी वेळासच्या भागातून आले आणि इथं कासवच वेला. मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना, मॅपवर गाव दाखवावं लागलं.

आता २०२४चा एप्रिल-मे. हा भाग लिहिताना अजून जड जातं. शनिवारी सकाळी मी काही मुलामुलींना घेऊन बेटाच्या कडेच्या पोवळ्यावर (कोरल रीफवर) स्नॉर्केलिंगला जायचे, त्यासाठी पालकांची सही, मुख्याध्यापकांचं पत्र आणि आयलंड काउन्सिलला कळवणं, एवढं लागलं, दोन आठवड्यांत मिळालं. (पोहणं मलाच मुलांनी नीट शिकवलं.) फेब्रुवारीत गेलो तेव्हा तपकिरी, जांभळी, हिरवट पोवळी, त्यात पोपटमासे करकर आवाज करत खरवडून खात होते. पोवळं खाऊन ते जे बाहेर टाकतात ती वाळू, म्हणजे मुलं ज्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळतात त्यातली बरीचशी वाळू माशांच्या पोटातून आलेली आहे. हे सांगितल्यावर वर्गात जो दंगा झाला तो विचारू नका. एप्रिलच्या शेवटी पाण्यात उतरलो तर पाणी कोमट, अंघोळीच्या पाण्यासारखं, आणि खाली काही पोवळी एकदम चमकदार निळी-गुलाबी. मुलं म्हणाली, "मिस, किती सुंदर!" मला माहीत होतं ते काय आहे आणि मला क्षणभर सांगवेना. पोवळ्याच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न देतं आणि रंगही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशानं जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तर पोवळं त्या शैवालाला बाहेर टाकतं, जाता जाता कधी असा भडक रंग दिसतो, आणि मग पांढरं. मेच्या मध्यापर्यंत पांढरं झालं. हाडांसारखं. त्याच १५ एप्रिलला अमेरिकेच्या नोआ संस्थेनं जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग, म्हणजे पोवळी अशी पांढरी पडणं, चालू असल्याचं जाहीर केलं होतं, आपल्या लक्षद्वीपलाही तेव्हाच तडाखा बसला.

एका मुलाची आजी म्हणाली, १९९८ला असंच झालं होतं, तेव्हा उथळ पाण्यातलं जवळजवळ सगळं मेलं, त्या वर्षी तिची धाकटी मुलगी जन्मली म्हणून वर्ष लक्षात आहे. मग २०१६ला पुन्हा. मधे अठरा वर्षं मिळाली होती, आता आठच. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडलं आणि एकानं विचारलं, "पुढच्या वेळी चार?" मी शिक्षिका म्हणून कधी "माहीत नाही" म्हणायला घाबरले नाही, पण त्या दिवशी ते म्हणताना आवाज फुटत नव्हता.

आम्हाला नोंदी ठेवायच्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉचचा रंगांचा चार्ट असतो, तो पाण्यात पोवळ्याशेजारी धरायचा आणि कोणत्या छटेशी जुळतो ते लिहायचं, शाळेतली मुलं आरामात करू शकतात. पण साध्या प्रिंटरवर छापून चालत नाही, रंग बदलतात, मूळ चार्टच मागवावा लागतो. आमचा यायला सात आठवडे लागले. तोवर जे पांढरं पडायचं ते पडून झालं होतं, बऱ्याच फांद्यांवर शेवाळाची लव आली होती. कुणी असं काही करणार असेल, मालवणला करा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्याकडेही पोवळी आहेत, १९८७पासून ते सागरी अभयारण्य आहे, तर चार्ट उन्हाळ्याच्या कितीतरी आधी मागवून ठेवा. आम्ही तो मग जुलैपासून वापरला, गोलसर दगडासारख्या पोवळ्यांतली काही हळूहळू तपकिरी व्हायला लागली होती. त्या वहीत मुलांनी प्रत्येकाला नावं दिलीत.

मधले महिने भरभर गेले. जुलैच्या सुट्टीत तीन आठवडे घरी येऊन गेले. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं बंद असतात, घरात खायचं सामान भरून ठेवा. जेवणाचे हाल झाले नाहीत, मस हुनी म्हणजे कुपा (टूना मासा), ओलं खोबरं, कांदा, लिंबू एकत्र कालवून रोशीबरोबर खायचं, मला तर दापोलीची चव वाटायची. पैशांबद्दल मात्र नीट ऐका. पगार रुफियात होतो, तेव्हा एक रुफिया साधारण साडेपाच रुपये. पण तिथं डॉलरची टंचाई आहे आणि बँकेतून घरी दर महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच पाठवता येतात. मर्यादा बदलत राहते. माझे काही महिने निम्मा पगार तिथंच अडकला, लेकीच्या क्लासची फी नवऱ्यानं पतपेढीतून काढून भरली. करारावर सही करायच्या आधी तिथं आत्ता काम करणाऱ्या दोन भारतीय शिक्षकांना फोन करून हा एक प्रश्न विचाराच.

डिसेंबरात कामासाठी कुळुदुफुशीला गेले होते, आमच्या अटॉलमधलं मोठं बेट. तिथं खारफुटीच्या पाणथळीत बायका पिढ्यान्‌पिढ्या नारळाची सोडणं कुजत घालायच्या आणि काथ्याचा दोर वळायच्या, अगदी आपल्याकडे सुंभ वळतात तसा. विमानतळासाठी त्या पाणथळीचा मोठा भाग भरून टाकला, २०१९ला विमानतळ सुरू झाला. मी त्याच भरावाच्या कडेला उभी राहून बघत होते. लोकांना विमानतळ हवा होता हे खरंय, आजारी माणसाला मालेला न्यायचं तर काय हाल होतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. तरीही तिथून हलताना पाय जड झाले. खारफुटी गेली ती पाण्याला थोपवणारी होती, आणि त्या देशाला पाण्याला थोपवणाऱ्या गोष्टींचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

आणि मग १३ फेब्रुवारी २०२५. करार सहा महिने वाढवून झाला होता. गुरुवार, शाळा सुटून मी वह्या तपासत बसले होते आणि नववीतले तिघं धावत आले, "मिस, वेला! जाळ्यात!" किनाऱ्यावर हिरव्या-निळ्या नायलॉनच्या जाळ्याचं एक गाठोडं लागलं होतं, बैलगाडीएवढं, त्यात फळ्या, बाटल्या, आणि मधे कासव. मान वर काढून श्वास घेत होतं. डावा पुढचा पाय दोरीनं कापून हाडापर्यंत गेला होता. एक मुलगा म्हणाला, "हे आमच्यातलं नाही." त्यांच्या पोवळ्यावर राहतात ती चोचवाली आणि हिरवी कासवं, त्यांना ती ओळखता येतात, एकेकाच्या गालावरच्या खवल्यांवरून ओळखतात, हे आम्ही फोटो काढून काढून शिकलो होतो. हे लहान, राखाडी-हिरवं, पाठ जवळजवळ पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. मला खाली बसावंच लागलं. ऑलिव्ह रिडले. मी म्हणाले, "हे आमच्यातलं आहे."

तिथं काय करायचं ते सांगते, कारण आपल्याकडेही उपयोगी आहे. लगेच समुद्रात ढकलू नका, दमलेलं कासव बुडून मरू शकतं. जाळं कापायचं पण खोल रुतलेली दोरी ओढायची नाही. सावलीत ठेवायचं, अंगावर ओलं कापड, नाकपुड्या उघड्या. खायला घालायचं नाही. तिथं २०१६पासून सगळ्या कासवांना कायद्यानं संरक्षण आहे, त्यामुळे काउन्सिलला कळवलं, आणि कासवांवर उपचार करणाऱ्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. ती रात्र मुलांचे पालक, मी, दुकानदार, आळीपाळीनं कापड भिजवत बसलो. मला वेळासची गस्त आठवत होती, तोच टॉर्चचा लाल कागद, तीच कुजबुज. एक आजोबा म्हणाले, लहानपणी आम्ही अंडी खायचो. मी म्हटलं, आमच्याकडेपण खायचे. त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

जाळ्याचं काय? मालदीवमध्ये कुपा गळानं धरतात, एकेक मासा काठीनं उचलून, त्यासाठी असलं जाळं कुणी वापरत नाही. ही जाळी बाहेरून येतात. ईशान्येचा वारा असतो त्या महिन्यांत प्रवाह भारत-श्रीलंकेच्या बाजूनं येतो. तिथं २०१३पासून ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट नावाची संस्था याच भटक्या जाळ्यांवर काम करते, जाळ्याचा रंग, दोरीची जाडी, जाळ्याच्या डोळ्याचं म्हणजे भोकाचं माप अशी माहिती गोळा करते. आमच्या वर्गानं पुढचे चार दिवस तेच केलं. मापपट्टी घेऊन डोळे मोजले, दोरीचे प्रकार वेगळे केले, अडकलेल्या बाटल्यांची लेबलं तपासली. मल्याळम, तमिळ, सिंहली. एका तेलाच्या कॅनवर देवनागरी होती, ती वर्गात मला एकटीलाच वाचता येत होती. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी "खाद्यतेल" असं मोठ्यानं वाचलं. त्यांनी मला त्याबद्दल काही म्हटलं नाही. पण मला तो शब्द अजून ऐकू येतो.

मग मी त्यांना बागेश्रीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले होते, बागेश्री आणि गुहा. बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपलीकडे बंगालच्या उपसागरात गेली. गुहा लक्षद्वीपच्या आसपास घुटमळत राहिली. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर दिवेहीच बोलतात, मग मुलं म्हणाली की गुहाला आमची भाषा येत असणार. त्या दिवसानंतर वर्गात "तुमचं कासव, आमचं कासव" असं कुणी म्हणालं नाही.

पंधरा दिवसांनी फोन आला, डावा पुढचा पाय काढावा लागला होता, पण कासव खायला लागलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं मला कळायच्या आत माझे निघायचे दिवस आले.

निघतानाची कागदपत्रं : शाळेचं नो ड्यूज, अनुभवाचा दाखला (तारखा, विषय, इयत्ता!), बँक खातं बंद करायला लागणारं पत्र, आणि अडकलेले पैसे कसे न्यायचे ते लेखी. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, मी दोन महिने आधी सुरू केलं तरी शेवटच्या दिवशी बोट सुटायच्या तासभर आधी सही मिळाली.

येताना मी त्या जाळ्याचा हातभर तुकडा धुऊन वाळवून पिशवीत घालून आणला. जुलैमध्ये हर्णै बंदरावर काकांकडे गेले, ते चाळीस वर्षं मासेमारीत आहेत. पावसाळी बंदी होती, होड्या वर ओढलेल्या, काका जाळंच शिवत बसले होते. तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, गाठ अंगठ्यानं फिरवून बघितली, जाळ्याच्या डोळ्यात बोटं घालून माप घेतलं. म्हटलं, काका, हे आपल्याकडचं आहे का? ते म्हणाले, "असली दोरी केरळातपण मिळते, गुजरातेतपण, आपल्याकडेपण. फाटलेलं जाळं पोरं पाण्यात सोडून देतात गं, परत आणायला डिझेल लागतं." मग जरा थांबून विचारलं, कासव जगलं का. मी सांगितलं की पाय काढला, खातंय असं शेवटचं कळलं होतं. त्यांनी तुकडा परत नाही दिला, शेजारच्या फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर ठेवला आणि म्हणाले, "बंदरावरच्या पोरांना दाखवतो. येशील का त्या दिवशी, तूच सांग त्यांना." नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार ठरलाय. वहीतले फोटो मोठे करून घ्यायला टाकलेत.